सोन्याला सोन्याचेच टाके

गरोदरपणाची चाचणी असो की कोरोनाच्या काळातलं घरगुती किट, पट्टीवर उमटणारी ती गुलाबी रेघ बहुतेक वेळा सोन्याची असते. जेमतेम वीस-चाळीस नॅनोमीटरचे असंख्य सुवर्णकण तिथे गोळा झालेले असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोनं इतकं बारीक झालं की त्याचा पिवळेपणा जातो आणि पाण्यात ते माणकासारखं तांबडं दिसू लागतं. मायकेल फॅरेडेने १८५७ साली अशाच तांबड्या द्रावांचा अभ्यास मांडला होता.

हे कण उघडे ठेवले तर एकमेकांना चिकटतात आणि तळाशी गाळ बसतो. म्हणून त्यांना आवरण लागतं. गंधकाचं सोन्याशी चांगलं जमतं, त्यामुळे एका टोकाला गंधक असलेले रेणू, म्हणजे थायॉल, या कामी येतात. १९९४ साली लिव्हरपूलच्या रसायनशास्त्रज्ञांनी थायॉलचं आवरण असलेले कण बनवायची सोपी रीत दिली आणि जगभर प्रयोगशाळांतून ते बनू लागले. त्यांचं चित्र काढलं जायचं ते कदंबाच्या फुलासारखं: मध्ये सोन्याचा गुळगुळीत गोळा, त्यावर चहूबाजूंनी थायॉलचे केसर.

ते चित्र अंदाजाने काढलेलं होतं. अणू नेमके कुठे आहेत हे पाहायला क्ष-किरण लागतात, क्ष-किरणांसाठी स्फटिक लागतो, आणि स्फटिक होण्यासाठी सगळे कण हुबेहूब सारखे लागतात. कुपीतल्या एका कणात शंभर अणू, शेजारच्यात एकशे दहा, अशा गर्दीतून स्फटिक कसा व्हावा?

हे जमवलं स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉजर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने. पेशी जनुकांची नक्कल कशी करते हे अणूंच्या पातळीवर दाखवल्याबद्दल २००६चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले हेच ते कॉर्नबर्ग. पाब्लो जॅडझिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ज्या कणाची रचना प्रसिद्ध केली, त्यात सोन्याचे बरोबर १०२ अणू होते आणि भोवती थायॉलचे ४४ रेणू.

गाभ्याच्या अगदी मध्यभागी ४९ अणूंची एक पंचकोनी रचना निघाली. मोसंबीच्या फोडी मधल्या दांड्याभोवती बसतात, तशा पाच पाचरी एका अक्षाभोवती बसलेल्या. दागिन्यातल्या सोन्यात अणू फळवाल्याने रचलेल्या संत्र्यांच्या राशीसारखे थरावर थर असतात, आणि तशा रचनेच्या पाच पाचरी जुळवल्या तर पूर्ण वर्तुळाला सुमारे ७ अंश कमी पडतात. मोठ्या तुकड्याला हा ताण जड जातो. इतका चिमुकला कण मात्र जरासा ताणला जाऊन ती फट भरून काढतो.

खरी नवलाई पृष्ठभागावर होती. थायॉल तिथे केसरासारखे नुसते उभे नव्हतेच. गंधकाने सोन्याचे काही अणू गोळ्यातून वर ओढून आपल्या पंगतीत बसवले होते. गंधक, सोनं, गंधक अशी एक छोटी कमान, तिची दोन्ही टोकं खालच्या सोन्यात रुतलेली. अगदी स्टेपलरची पिन. शास्त्रज्ञही तिला स्टेपलच म्हणतात. मला मात्र तो शिवणीतला टाका वाटतो. या कणावर असे १९ आखूड टाके आहेत, प्रत्येकात दोन गंधक आणि एक सोनं. शिवाय दोन लांब टाके, त्यांत तीन-तीन गंधक आणि दोन-दोन सोनं. हिशेब करून पाहा: गंधक ३८ अधिक ६, म्हणजे ४४. सोनं १९ अधिक ४, म्हणजे २३. उरलेले ७९ अणू गाभ्याचे, मधली ४९ अणूंची पंचकोनी रचना धरून. एकही रेणू शिल्लक राहत नाही, एकही कमी पडत नाही! सोन्यावरचं आवरण अर्धंमुर्धं सोन्याचंच आहे, हे त्या जुन्या चित्रात कुठेच नव्हतं.

फिनलंडमधले हानू हॅकिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रचनेचा अंदाज २००६ सालीच संगणकावरच्या गणितातून बांधला होता, तोही ३८ अणूंच्या एका लहान कणासाठी. स्फटिक हाती येण्याआधी गणित तिथवर पोचावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण १०२च का? सोन्याचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो. त्यांतले ४४ गंधकाच्या बंधांत अडकतात, उरतात ५८. अणूंमध्ये जशा इलेक्ट्रॉनांच्या कक्षा भरतात, तशा अख्ख्या कणाच्याही भरतात, आणि ५८ला एक कक्षा पूर्ण भरते. म्हणजे निष्क्रिय वायूचा अणू ज्या कारणाने शांत असतो, जवळपास त्याच कारणाने हा कण टिकतो. २५ अणू, १८ थायॉल आणि एक जादा इलेक्ट्रॉन असलेल्या कणाची रचना २००८ साली उलगडली. तिथे हाच हिशेब ८ वर येतो, आणि ८ हाही भरलेल्या कक्षेचाच आकडा.

सगळेच कण स्फटिक होऊ देत नाहीत. ६८ अणूंच्या एका कणासाठी २०१४ साली स्टॅनफर्डच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरला. कण जळू नयेत म्हणून इलेक्ट्रॉनांचा मारा अगदी बेताचा ठेवून सुट्या कणांच्या शेकडो अंधूक प्रतिमा घेतल्या आणि त्या जुळवून सोन्याच्या प्रत्येक अणूची जागा काढली. या कणात पंचकोन नव्हता. त्याच्या आतली मांडणी बरीचशी दागिन्यातल्या सोन्यासारखी, संत्र्यांच्या राशीची होती.