एकतीस सुपाऱ्या आणि चार कोटी अंक

गुहागरला आमच्या खळ्यात सुपारी वाळत पडली होती. भाचीपुढे एकतीस सुपाऱ्या ठेवल्या आणि म्हटलं, सारख्या ओळी लावून दाखव. तिने दोन-दोनच्या लावल्या, तीन-तीनच्या लावल्या, मग पाच-पाचच्या. दर वेळी एक सुपारी उरली. चारच्या ओळी केल्या तर तीन उरल्या. "मामा, ही एक जास्तीची आहे!" म्हणत तिने ती उचलून फेकायला घेतली.

ती जास्तीची नव्हे. 31 ही मूळ संख्या आहे, म्हणून ओळी जुळत नाहीत. पाचापर्यंत पाहिलं की पुरे, कारण सहा सक छत्तीस, म्हणजे 31 च्या पुढे गेलंच.

पण 31 ची आणखी एक ओळख आहे: 2 चा पाचवा घात, त्यातून 1 वजा. या घडणीच्या संख्यांना सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू मारें मर्सेन यांचं नाव आहे. घाताचा आकडा (31 साठी 5) मूळ नसेल तर अशी संख्या मूळ असूच शकत नाही. घात मूळ असला तरी खात्री नाही. 2 चा अकरावा घात वजा 1 म्हणजे 2047, आणि 23 गुणिले 89 बरोबर 2047. हे दोन्ही विभाजक 22 च्या पटीपेक्षा एकाने मोठे आहेत, आणि 22 म्हणजे घाताची, 11 ची, दुप्पट. विभाजक असलेच तर असेच असावे लागतात. मला हे फार सुंदर वाटतं.

मोठ्या संख्येला एकेका विभाजकाने भागत बसणं अशक्य. एदुआर ल्युका यांनी 1876 मध्ये वेगळीच वाट धरली आणि 39 अंकी संख्या, 2 चा 127 वा घात वजा 1, मूळ असल्याचं दाखवलं, तेही संगणकाशिवाय. पुढे लेमर यांनी ती कसोटी सोपी केली. 31 वरच करून पाहू. 4 पासून सुरुवात. वर्ग करायचा, 2 वजा करायचे, 31 ने भागून बाकी ठेवायची. घातापेक्षा दोन कमी, म्हणजे इथे तीन वेळा. 16 मधून 2 गेले, 14. मग 196 मधून 2 गेले, 194, बाकी 8. मग 64 मधून 2 गेले, 62. एकतीस दुणे बासष्ट, बाकी शून्य. शून्य आलं की संख्या मूळ, नाहीतर नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेल्या संख्येवर याच कसोटीने शिक्कामोर्तब झालं. ती 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1. तिच्यात 4,10,24,320 अंक आहेत. सेकंदाला एक अंक, तोही जेवणझोप सोडून लिहीत बसलं, तरी 474 दिवस उलटून जातील.

तिचा शेवटचा अंक मात्र भाचीने बोटांवर काढला. 2 च्या घातांचे शेवटचे अंक 2, 4, 8, 6 असे फिरत राहतात. घाताला 4 ने भागलं तर बाकी 1, म्हणजे चक्रातला पहिला अंक, 2. त्यातून एक गेला, उरला 1.