ब्लॅकपूल: आठवड्याची खोली, बारमाही बिऱ्हाड

इंग्लंडमधल्या गरिबीची चर्चा निघाली की ब्लॅकपूलचं नाव हटकून येतं. २०१९ च्या सरकारी निर्देशांकात देशातल्या सर्वाधिक वंचित १० वस्त्यांपैकी ८ या एकाच शहरातल्या होत्या. पुरुषांचं सरासरी आयुर्मान इंग्लंडात सर्वांत कमी तेही इथलंच. आणि पर्यटक म्हणाल तर पालिकेच्या मोजणीप्रमाणे वर्षाकाठी दोन कोटींच्या आसपास येऊन जातात. समोर चौपाटीवर जत्रा आणि मागच्या गल्लीत ही अवस्था, हे कसं काय? याचं बरंचसं उत्तर तिथल्या भाड्याच्या खोलीत आहे.

लँकेशायरच्या पश्चिम किनाऱ्यावर, आयरिश समुद्राकाठी हे गाव. आधी समुद्रस्नान म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला उपचार, आणि तोही सवड नि पैसा असलेल्यांचा. १८४६ मध्ये रेल्वे आली आणि बोल्टन, ब्लॅकबर्न, ओल्डहॅम, बर्नली ही कापड गिरण्यांची गावं एका प्रवासाच्या टप्प्यात आली. या गावांत ‘वेक्स’ नावाची जुनी रीत होती. मूळची ती चर्चची जत्रा. जत्रेच्या दिवसांत कामगार गिरणीकडे फिरकायचेच नाहीत. शेवटी मालकांनी शहाणपणा केला: आठवडाभर गिरणी बंद ठेवायची आणि तेवढ्यात बॉयलरची डागडुजी उरकायची. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. त्यामुळे उन्हाळाभर ब्लॅकपूलच्या खोल्या पाळीपाळीने भरलेल्या असत. एका आठवड्यात अख्खं ओल्डहॅम तिथे, पुढच्यात दुसरं कुठलं गाव. शेजारीपाजारी, मुकादम, गल्लीतला दुकानदार, सगळे त्याच वाळूवर. सुट्टीचा पगार मिळत नसे. वर्षभर आपल्या भिशीसारख्या क्लबात आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे आणि सात दिवसांत उडवून यायचं. भरपगारी सुट्टीचा कायदा झाला तो थेट १९३८ मध्ये. मुंबईच्या गिरणगावातला चाकरमानी शिमग्या-गणपतीला कोकणात जायचा तो आपल्या घरी. लँकेशायरचा विणकर समुद्राकाठी पैसे मोजून परक्या घरात राहायचा. पुढचं सगळं रामायण घडलं ते या परक्या घरांमुळे.

ते पैसे कुठून येत होते, हे मराठी वाचकाने जरूर बघावं. ब्लॅकबर्न आणि आसपासचे माग मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानासाठी धोतरं विणत. विणणाऱ्याने आयुष्यात कधी न नेसलेलं वस्त्र! १९१३ च्या सुमाराला लँकेशायरचं जवळपास तीन अब्ज वार कापड वर्षाला हिंदुस्थानात येत होतं. १८९६ मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली होती, तीही लँकेशायरच्या दबावाखाली. ती उठायला १९२५ उजाडलं. म्हणजे ब्लॅकपूलच्या वाळूवर मोडलेल्या शिलिंगांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या धोतरजोडीचाही वाटा होता. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या गिरण्या, जपानी कापड आणि बहिष्कार या तिन्हींनी मिळून तो व्यापार खिळखिळा केला. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरमधल्या डार्वेन या गिरणीगावाला जाऊन बेकार विणकरांना भेटले ते याच पडझडीत.

आता खोली. स्टेशनाच्या मागे गल्ल्यागल्ल्यांतून लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली, तीन-चार मजली अरुंद घरं उठली. चालवणारी बाई, लँडलेडी, बहुतेकदा स्वतःच गिरणीगावातून आलेली. जुनी पद्धत अशी की पाहुण्याने भाडं द्यायचं ते खोलीचं. शिधा त्याने स्वतः बाजारातून आणायचा आणि बाईने तो रांधून द्यायचा. एका चुलीवर पाच कुटुंबांचं पाच तऱ्हेचं मटण, कोणाचं कुठलं ते चुकू न देता! टेबलावरचं मीठ-मिरी-व्हिनेगर वापरलं तर त्याचा आकार बिलात वेगळा लागायचा. या आकारावरून झालेले विनोद पुढे कित्येक वर्षं रंगमंचावर चालले. न्याहारी झाली की घराबाहेर, जेवणाच्या वेळेलाच परत, पाऊस असो की वारा. एका पलंगावर किती मुलं निजायची याला धरबंध नव्हता. या बायांची कुचेष्टा भरपूर झाली. मला मात्र वाटतं की त्या काळात बाईमाणसाला स्वतःच्या नावाने धंदा करू देणारी शहरं फार नव्हती, ब्लॅकपूल त्यातलं एक.

पालिकाही तितकीच व्यापारी डोक्याची. १८७९ मध्ये तिने कायद्याने परवानगी मिळवून घरपट्टीतला पौंडामागे दोन पेन्स इतका पैसा शहराच्या जाहिरातीवर खर्च करायला सुरुवात केली. त्याच वर्षी समुद्रकाठी विजेचे दिवे लावले. १८८५ मध्ये विजेवरची ट्राम आली, १८९४ मध्ये आयफेलची धाकटी बहीण शोभावी असा १५८ मीटरचा टॉवर. समुद्रात खांबांवर उभारलेले लांबलचक पिअर तीन: पहिला प्रतिष्ठितांचा, दुसरा नाचगाण्याचा, म्हणजे जनतेचा. हंगाम संपला तरी लोक थांबावेत म्हणून शरद ऋतूतली रोषणाई सुरू झाली, तिचं मूळ १९१२ चं. वाळूवरच्या गाढवांनासुद्धा पालिकेचे नियम आहेत. दुपारी विश्रांती, शुक्रवारी सुट्टी.

घरी नेण्याची भेट म्हणजे ‘रॉक’, साखरेची कडक कांडी, जिच्या आतून टोकापासून टोकापर्यंत शहराचं नाव जातं. ती करताना बघण्यासारखं असतं. साखरेचा पाक घट्ट झाला की त्यातला काही भाग ओढून ओढून पांढरा करतात. मग रंगीत आणि पांढऱ्या पट्ट्या हाताने शेजारी शेजारी रचून एकेक अक्षर बनवतात. तेव्हा हा गोळा ओंडक्याएवढा जाड असतो. वरून गुलाबी साल चढवली की लाटत, खेचत त्याची बोटाएवढी दोरी करतात. कुठेही तोडा, आत ब्लॅकपूलच.

१९३७ मध्ये बोल्टनमध्ये कामगारांच्या रोजच्या जगण्याची पाहणी सुरू करणारे मास-ऑब्झर्व्हेशनचे लोक बोल्टनकरांच्या मागोमाग ब्लॅकपूललाही पोचले, ते उगाच नाही. गिरणीकामगाराचं वर्ष समजायचं तर हा आठवडाही समजायलाच हवा. युद्धात याच खोल्यांत हवाईदलाचे नवशिके राहिले. युद्धानंतर काही वर्षं तर अशी गर्दी की विचारू नका.

उतार लागला तो साठच्या दशकात. एकीकडे गिरण्या बंद पडत गेल्या, म्हणजे वेक्सचा आठवडाच गेला. दुसरीकडे विमानाची तिकिटं धरून ठरलेल्या पैशात स्पेनची सहल मिळू लागली, जिथे ऊन हमखास. १९६४ मध्ये चौदा फलाटांचं सेंट्रल स्टेशन बंद झालं आणि त्या जागी बराच काळ मोटारी उभ्या राहिल्या. मोटारवाला पाहुणा सकाळी येतो, संध्याकाळी घरी जातो. आजच्या दोन कोटींत असे पुष्कळ. गर्दी राहिली, मुक्काम गेला.

मग एवढ्या खोल्यांचं करायचं काय? मालकांनी पार्टिशनं घालून, कोपऱ्यात एक शेगडी ठेवून त्यांची एकखोली बिऱ्हाडं केली. सरकारचा भाडेभत्ता महिन्याच्या महिन्याला येतो, पावसाळी हंगामातही बुडत नाही. पाहुण्यांपेक्षा हे उत्पन्न खात्रीचं. स्वस्त खोली मिळते हे कळल्यावर देशाच्या कानाकोपऱ्यातून घर मोडलेले, नोकरी गेलेले, आजारी माणसं इथे आली. बऱ्याच जणांच्या मनात लहानपणच्या सुट्टीची आठवणही होती. सात रात्रींसाठी बांधलेल्या खोलीत माणूस वर्षानुवर्षं राहू लागला. हंगाम संपला की काम नाही, थोड्या थोड्या दिवसांनी बदलते भाडेकरू, शाळेत मध्येच येणारी-जाणारी मुलं. डॉक्टरांवरचा भार निराळाच. २०२१ मध्ये इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी किनाऱ्यावरच्या शहरांच्या आरोग्यावर स्वतंत्र अहवाल काढला, त्यात जुन्या गेस्ट हाऊसांच्या या रूपांतराची दखल आहे.

सावरायचे प्रयत्नही झाले. सरकार देशात एकाच महाकॅसिनोला परवानगी देणार होतं, आणि तो आपल्याकडे येईल यावर शहराने सगळी आशा लावली होती. जानेवारी २००७ मध्ये जागा सुचवणाऱ्या सरकारी समितीने मँचेस्टरची शिफारस केली, आणि पुढे तोही बेत सरकारने गुंडाळला. इथे भरणारी राजकीय पक्षांची अधिवेशनं इतरत्र गेली. २०१६ च्या सार्वमतात इथल्या ६७.५ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडायच्या बाजूने कौल दिला, त्याचं आश्चर्य लंडनमध्येच जास्त वाटलं. अलीकडे पालिका स्वतःची कंपनी काढून जुनी गेस्ट हाऊसेस विकत घेते आणि मधल्या भिंती पाडून त्यांची नीट घरं करते. रोषणाई २०२० पासून जानेवारीपर्यंत चालते. ती बघून लोक रात्री परतीच्या वाटेला लागतात, आणि मागच्या गल्लीत एकाच दाराला सहा-सात घंट्यांची बटणं असलेली घरं अजून आहेत.