तुरुंग, शाल आणि सोन्याचं पदक: वृत्तपत्र पुरस्कारांची पार्श्वभूमी

जानेवारीचा पहिला आठवडा आला की कोकणातल्या वर्तमानपत्रांत पुरस्कारांच्या बातम्यांना ऊत येतो. तालुका पत्रकार संघाचा आदर्श पत्रकार, जिल्हा संघाचा जीवनगौरव, एखाद्या पतसंस्थेने दिलेली रोख रक्कम, शाल, श्रीफळ, आणि बातमीच्या शेवटी उपस्थितांची लांबलचक यादी. निमित्त ठरलेलं असतं. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला आणि तो काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. हा दिवस राज्यभर पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. फलटणच्या महाराष्ट्र पत्रकार कल्याण निधीने पोंभुर्ल्यात बाळशास्त्रींचं स्मारक उभारलं आहे आणि त्या संस्थेचे ‘दर्पण’ पुरस्कार पत्रकार मंडळींत मानाचे समजले जातात.

खुद्द बाळशास्त्रींना या कामाबद्दल कुणी शाल दिली नव्हती. ‘दर्पण’ एकाच पानावर दोन स्तंभांत निघे, एकात इंग्रजी मजकूर, शेजारी मराठी. राज्यकर्त्यांना इथल्या लोकांचं म्हणणं कळावं आणि इथल्या लोकांना बाहेरचं जग कळावं, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. पोटापाण्यासाठी बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये शिकवत. पत्र १८४० मध्ये बंद पडलं, त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं आणि १८४६ मध्ये ते गेलेच. वर्तमानपत्र काढून तोटा सोसायचा, ही मराठी परंपरा पहिल्या पत्रापासूनची आहे असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या दोन पिढ्यांत संपादकाला मिळालेला ‘सन्मान’ बहुधा सरकारी असे, आणि तो तुरुंगाच्या रूपाने येई. टिळक रत्नागिरीत जन्मले, १८५६ साली. ‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानच्या कारभारावर लिहिल्याबद्दल झालेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले. १८९७ मध्ये राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली, १९०८ मध्ये सहा वर्षांची, मंडालेला. त्याच १९०८ साली महाडच्या शिवराम महादेव परांजप्यांनाही राजद्रोहासाठी १९ महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यांचा ‘काळ’ १८९८ पासून निघत होता. परांजप्यांची लेखणी तिरकस. वरवर पाहता रामायणातली किंवा ग्रीक इतिहासातली गोष्ट सांगितलेली असायची आणि वाचकाला बरोबर कळायचं की हे कलेक्टरसाहेबांबद्दल चाललं आहे. सरकारलाही कळलं. त्यांच्या निबंधांचे खंड पुढे जप्त झाले.

तिसरं नाव आपल्याकडे कमी घेतलं जातं. बाबूराव विष्णू पराडकर यांचं घराणं मूळचं मालवणकडचं. ते स्वतः १६ नोव्हेंबर १८८३ रोजी काशीत जन्मले आणि तिथेच ‘आज’ या हिंदी दैनिकाचे संपादक झाले. हिंदी पत्रकारितेचे ते एक आधारस्तंभ मानले जातात. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांनीही काही वर्षं स्थानबद्धतेत काढली. हिंदीला घडवणाऱ्यांपैकी एक पराडकर होते, हे सिंधुदुर्गातल्या शाळेत मुलांना सांगितलं जातं की नाही, देव जाणे.

आता महाराष्ट्र शासनाच्या पत्रकारिता पुरस्कारांकडे बघा. मराठीसाठी राज्यस्तरावर बाळशास्त्री जांभेकर पुरस्कार, हिंदीसाठी बाबूराव पराडकर पुरस्कार, जीवनगौरव लोकमान्य टिळकांच्या नावाने, आणि कोकण विभागासाठी शि. म. परांजपे पुरस्कार. एवढ्या चिंचोळ्या किनारपट्टीने या यादीला चार नावं पुरवली. त्यातल्या तिघांना त्यांच्या काळच्या सरकारने कोठडी दाखवली होती. सरकार बदललं, परकं गेलं, आपलं आलं, हे खरंच. तरी ज्याच्यावर टीका करायची त्याच्याच हातून पदक घ्यायचं का, हा प्रश्न सरकार आपलं झालं म्हणून मिटत नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी २००९ मध्ये पद्मभूषण नाकारला तो याच कारणाने. ज्या सरकारांचं वार्तांकन करायचं त्यांच्याकडून पत्रकाराने पुरस्कार घेऊ नयेत, ही त्यांची भूमिका. त्यांनी २००७ मध्ये मॅगसेसे स्वीकारला होता, तो सरकारचा नव्हता.

मग पुरस्कार द्यावा कुणी? या प्रश्नाची जगात तीन-चार उत्तरं निघाली आणि प्रत्येकाचं काही ना काही बिनसलं.

सर्वांत जुनं आणि नावाजलेलं उत्तर अमेरिकेचं. जोसेफ पुलित्झर हा वृत्तपत्रांचा मालक १९११ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने कोलंबिया विद्यापीठाला पैसे ठेवले आणि १९१७ पासून पुलित्झर पारितोषिकं सुरू झाली. पैसा मालकाचा, पण निवड विद्यापीठाच्या छत्राखाली. लोकसेवेच्या गटात आजही वर्तमानपत्राला सोन्याचं पदक मिळतं. १९३७ मध्ये गोविंद बिहारी लाल हे पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय ठरले, विज्ञानाच्या बातमीदारीसाठी. पण हीच व्यवस्था १९८१ मध्ये तोंडघशी पडली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जॅनेट कूक यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची हृदयद्रावक कहाणी लिहिली, तिला पुलित्झर जाहीर झालं, आणि दोनच दिवसांत कळलं की असा मुलगाच नाही. पारितोषिक परत करावं लागलं.

ब्रिटनची गोष्ट अधिक रंगतदार आहे. लंडनची फ्लीट स्ट्रीट म्हणजे वृत्तपत्रांची गल्ली. तिथला हॅनन स्वॉफर नावाचा जुना, खवट आणि प्रसिद्ध पत्रकार जानेवारी १९६२ मध्ये गेला. त्याच्या नावाने ‘द पीपल’ आणि ‘वर्ल्ड्स प्रेस न्यूज’ या पत्रांनी पुरस्कार सुरू केले. तेच पुढे ब्रिटिश प्रेस अवॉर्ड्स झाले आणि देशातल्या राष्ट्रीय वृत्तपत्रांचा वार्षिक सोहळा म्हणून स्थिरावले. वर्षातला उत्तम बातमीदार, उत्तम छायाचित्रकार, उत्तम स्तंभलेखक, वर्षातली सर्वांत मोठी सनसनाटी बातमी आणि वर्षाचं वृत्तपत्र. पंचतारांकित हॉटेल, टेबलं विकत घेतलेली, मद्य मुबलक, आणि एकमेकांचे हाडवैरी असलेले संपादक एकाच दालनात. २००४ च्या सोहळ्यात ‘डेली मिरर’चे तेव्हाचे संपादक पिअर्स मॉर्गन यांना स्तंभलेखक जेरेमी क्लार्कसन यांनी चक्क ठोसे लगावले. पुढच्या वर्षी गायक बॉब गेल्डॉफ मंचावर आले आणि समोर बसलेल्या वृत्तपत्रवाल्यांवरच तोंडसुख घेऊन गेले. त्यानंतर अनेक राष्ट्रीय पत्रांच्या संपादकांनी सोहळ्यावर बहिष्कार जाहीर केला. आपल्याकडे पत्रकार संघाच्या कार्यक्रमात फार तर सत्काराच्या क्रमावरून रुसवाफुगवी होते आणि ती दशावतारातल्या लढाईसारखी, आवाज मोठा पण लागत कुणालाच नाही.

मात्र ब्रिटिश सोहळ्यातली खरी बोच मारामारीत नाही. २००५ चं वर्षाचं वृत्तपत्र ठरलं होतं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’, फुटबॉलपटू आणि मंत्र्यांच्या खासगी भानगडींच्या एकापाठोपाठ एक बातम्यांसाठी. सहा वर्षांनी, जुलै २०११ मध्ये, लोकांचे फोन-संदेश चोरून ऐकल्याच्या प्रकरणात हेच पत्र मालकाला कायमचं बंद करावं लागलं. परीक्षकांसमोर बातमीचं कात्रण असतं. ती बातमी आणली कशी, हे कात्रणावर छापलेलं नसतं. पुलित्झरमध्येही फसगत इथेच झाली होती.

भारतात अशा पुरस्कारांची सुरुवात उशिरा झाली. प्रेस कौन्सिल ही वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणारी संस्था १९६५ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि १६ नोव्हेंबर १९६६ पासून तिचं काम सुरू झालं. पराडकरांची जन्मतारीखही तीच, हा निव्वळ योगायोग. राष्ट्रीय प्रेस दिन म्हणून हाच दिवस पाळतात आणि कौन्सिलचे राष्ट्रीय पुरस्कारही त्याच सोहळ्यात दिले जातात. त्यातला सर्वोच्च पुरस्कार राजा राममोहन रॉय यांच्या नावाचा. मात्र ही साखळी अखंड नाही. आणीबाणीत सरकारने कौन्सिलच बरखास्त केली आणि नवा कायदा करून ती १९७९ मध्ये पुन्हा उभी करावी लागली.

त्याच आणीबाणीने दुसऱ्या पुरस्काराची पार्श्वभूमी तयार केली. २८ जून १९७५ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या पत्राचे मालक रामनाथ गोएंका. त्यांचा जन्म १९०४ चा. त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेले रामनाथ गोएंका पुरस्कार गेली जवळपास वीस वर्षं देशात सर्वांत जास्त चर्चेत असतात. मालकाच्या नावाचे, त्याच्या वृत्तपत्रसमूहाने दिलेले, पण इतर पत्रांतल्या पत्रकारांनाही खुले. इथेही देणाऱ्याच्या हाताचा प्रश्न सुटला नाही. २०१६ च्या सोहळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते वितरण होतं म्हणून ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे अक्षय मुकुल तिथे गेले नाहीत. त्यांच्या वतीने त्यांच्या पुस्तकाच्या प्रकाशकाने पुरस्कार घेतला.

खेड्यातल्या बातमीसाठी वेगळा विचार कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’ने १९७९ मध्येच केला आणि ग्रामीण वार्तांकनाचे पुरस्कार सुरू केले. महिला पत्रकारांसाठीचा चमेलीदेवी जैन पुरस्कार २००४ मध्ये ‘खबर लहरिया’ला मिळाला. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात दलित आणि गरीब घरांतल्या बायकांनी चालवलेलं ते पत्र. दिल्लीच्या मंचावर त्या बायका उभ्या राहिल्या, याची बातमी तेव्हा आपल्या जिल्हा पत्रांत फारशी आली नाही. यायला हवी होती.

कारण इथेही अशा पत्रांची वानवा नाही. अलिबागचं ‘कृषीवल’ १९३७ मध्ये नारायण नागू पाटलांनी काढलं ते खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या कुळांसाठी. चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ मध्ये सुरू झाला होता आणि तो वर्षानुवर्षं चालला. शेती पडीक राहिली, पोटाला चिमटा बसला, पण कुळं हटली नाहीत. त्या संपाला आवाज हवा होता, म्हणून पत्र निघालं. चिपळूणचं ‘सागर’, सावंतवाडीचं ‘वैनतेय’, रत्नागिरीचं ‘बळवंत’ ही नावं घराघरात माहीत. राष्ट्रीय पुरस्कारांच्या याद्यांत मात्र ती शोधावी लागतात.

याचं कारण दर्जात शोधण्याआधी वार्ताहराची मिळकत पाहावी. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी पगारी नसतो. मानधन असलं तर जुजबी, खरी प्राप्ती जाहिरातीच्या कमिशनवर. गणपतीची पुरवणी, दिवाळी अंक, नेत्यांच्या वाढदिवसाची पानं. ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची त्याच्याकडेच शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. बातमी छापून येते ती ‘वार्ताहर’ किंवा ‘प्रतिनिधी’ या नावाने. वर्षभराने प्रवेशिका भरताना, ही बातमी आपलीच होती हे पटवण्यासाठी संपादकाचं पत्र आणायचं, सोबत इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडायचं. तो खटाटोप कोण करणार?

आणि विषय तर ढीगभर आहेत. २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला, २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि दापोली-मंडणगड झोडपलं, २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं आणि तळिये गाव दरडीखाली गाडलं गेलं. अशा वेळी दिल्ली-मुंबईचे कॅमेरे दोन-चार दिवसांसाठी येतात. त्यांना वाट दाखवणारा, फोन नंबर देणारा, सरपंचाला बोलतं करणारा स्थानिक वार्ताहरच असतो. धरणातून गळती होतेय अशी तिवऱ्याच्या ग्रामस्थांची तक्रार आधीपासून होती. अशा तक्रारीची बातमी दोन परिच्छेदांची होते, आतल्या पानावर जाते. कुठल्या गटात पाठवायची ती?

६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ महामार्गावर पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीला मोटारीने चिरडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बारसूच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या विरोधाबद्दल ते सातत्याने लिहीत होते आणि त्याच दिवशी त्यांची त्या विषयावरची बातमी छापून आली होती. प्रकल्पाच्या एका समर्थकाला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, विशेष पथकाकडे तपास गेला. राज्यभरच्या पत्रकार संघटना रस्त्यावर आल्या.

महाराष्ट्रात तेव्हा पत्रकार संरक्षणाचा कायदा होता, २०१७ मध्ये विधिमंडळाने केलेला. पत्रकारावरचा हल्ला अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. मात्र त्या कायद्यातला पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी नेमणुकीवर आहे, असा माणूस. कोकणातल्या कित्येक वार्ताहरांचं घर झेरॉक्सच्या दुकानावर, आंब्याच्या बागेवर नाही तर विम्याच्या एजन्सीवर चालतं आणि नेमणुकीचं पत्र त्यांना कधी मिळालेलं नसतं.