गच्चीवरची सावली आणि मायक्रोइन्व्हर्टर

मुंबईत 'इन्व्हर्टर' म्हटलं की दिवे गेल्यावर पंखा चालवणारी बॅटरीची पेटी आठवते. सौरयंत्रणेतल्या इन्व्हर्टरचं काम वेगळं आहे: पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलायची. हे काम भिंतीवरच्या एका पेटीत करायचं की प्रत्येक पॅनेलच्या पाठीशी, हा प्रश्न तीस वर्षांहून जुना आहे.

रूढ पद्धत स्ट्रिंगची, म्हणजे माळेची. आठ-दहा पॅनेल एकामागोमाग जोडून काही शे व्होल्टची डीसी लाइन खाली एकाच इन्व्हर्टरमध्ये आणतात. खर्च कमी, दुरुस्तीही हाताशी. पण अशा माळेत सगळ्यांमधून प्रवाह एकच वाहतो, त्यामुळे सावलीतलं किंवा कमी क्षमतेचं पॅनेल बाकीच्यांनाही मागे ओढतं. बायपास डायोड सावलीतला भाग वगळून प्रवाहाला वाट करून देतात खरे, पण त्या भागाची वीज जातेच.

पॅनेलमागे बसणारा छोटा इन्व्हर्टर, म्हणजेच मायक्रोइन्व्हर्टर, नेदरलँड्सच्या मास्टरव्होल्ट कंपनीने १९९३ मध्येच आणला होता. तो काळ मात्र त्याला अनुकूल नव्हता. पॅनेल महाग होते, आणि तापलेल्या छतावर वर्षानुवर्षं टिकतील असे इलेक्ट्रॉनिक भाग स्वस्तात मिळत नव्हते. हे गणित पुढे कॅलिफोर्नियात जमलं. मार्टिन फोर्नाज आणि रघू बेलूर यांनी २००६ मध्ये एनफेज ही कंपनी सुरू केली आणि २००८ मध्ये त्यांचा पहिला मायक्रोइन्व्हर्टर बाजारात आला. प्रत्येक पॅनेल आपापल्या परीने जास्तीत जास्त वीज देऊ लागलं आणि कुठलं किती देतंय हेही दिसू लागलं. माझ्या मते हे दिसणं सगळ्यात मोलाचं, कारण बिघाड लपून राहत नाही.

आपल्याकडे हा विषय आता निघतोय, त्याला कारण आहे. नेट मीटरिंगचे, म्हणजे ग्रिडला दिलेली सौरवीज बिलातून वजा करण्याचे, महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे नियम २०१५ मध्ये आले. तेव्हाच्या सुमारास बसवलेले पॅनेल साधारण २५० ते ३०० वॉटचे, आजचे ५०० च्या वर. दोन्ही एका माळेत घातले तर नव्याची ताकद वाया जाते. जुनी माळ जुन्या इन्व्हर्टरवर तशीच ठेवून नव्या पॅनेलना मायक्रोइन्व्हर्टर लावता येतात, कारण दोन्हींची वीज एसी बाजूला एकत्र येते. अगदी एकच पॅनेल वाढवायचं असलं तरी चालतं. मात्र क्षमता वाढवायची तर वीज कंपनीकडे, म्हणजे बेस्ट, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपला महावितरणकडे, आधी अर्ज हवाच.

तोट्याची बाजूही सांगायला हवी. प्रति वॉट खर्च जास्त पडतो. बिघडलेला नग बदलायला पॅनेल उचलावं लागतं आणि पावसाळ्यात हे काम सोपं नसतं. शिवाय दिवे गेले की साधा मायक्रोइन्व्हर्टरही बंद पडतो; बंद लाइनमध्ये गच्चीवरची वीज जाऊ नये म्हणून, लाइनवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी ते आवश्यकच आहे.

गच्चीवर दिवसभर लख्ख ऊन असेल, तर स्ट्रिंगच पुरेशी. पण मुंबईच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते, लिफ्टची खोली असते आणि शेजारी पुनर्विकासात टॉवर उभा राहतो. पाहणी मे महिन्यात केली तर दुपारचं ऊन जवळजवळ डोक्यावर असतं, सावली दिसतच नाही. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला साधारण ४७ अंशांवरच असतो आणि दोन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला पावणेदोन मीटरच्या पुढे जाते. निर्णय त्या सावलीवरून घ्यावा.