अतिदक्षता विभागातील परिचारिकाप्रणीत मानसिक आधार

आयसीयूतल्या रुग्णाची भीती, भास आणि असहायता ओळखून परिचारिकेने रोजच्या शुश्रूषेतच त्याला धीर देण्याची पद्धत. मानसोपचारतज्ज्ञ बोलावल्यावर येतो. सिस्टर मात्र पाळीभर खाटेजवळच असते.

घशातल्या नळीमुळे बोलता येत नाही, चोवीस तास दिवे आणि अलार्म, झोपेचा पत्ता नाही. यातून, तसेच आजार व औषधांमुळे, डेलिरियम म्हणजे तीव्र संभ्रम होतो. घरचे म्हणतात, ‘वात झालाय, बरळतोय’. कोणी अंगाराही आणून देते.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय महाविद्यालयांची रुग्णालये यांकडे खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. त्यांतला मण्यार चावलेला रुग्ण या विषयात फार बोलका, खरे तर मुका, दाखला. विषाने स्नायू लुळे पडतात, पापणीही उचलत नाही. शुद्ध मात्र पुष्कळदा शाबूत असते आणि सगळे ऐकू येते. अशाच्या उशाशी ‘वाचतो का हा?’ ही चर्चा चालते. जाणती सिस्टर नाव घेऊन सांगते, ‘‘मामा, विषानं अंग लुळं पडलंय. उतरलं की हात हलतील. नळी श्वासासाठी हाय.’’ सुई टोचण्याआधीही सांगते. पाळी बदलली की तेच पुन्हा.

कीटकनाशक पोटात गेलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला उतारा म्हणून दिलेले अ‍ॅट्रोपिन हे औषध जास्त झाले तर तो भ्रमात हवेत काहीतरी वेचू लागतो. तिथे नुसता धीर पुरत नाही, डॉक्टरांना लगेच कळवावे लागते. विष स्वतःहून घेतले असेल तर खाटेवर उलटतपासणी नको. शुद्धीवर आल्यावर मानसोपचार विभागाकडे पाठवणे आवश्यक.

ब्रिटनमधील 24 अतिदक्षता विभागांत ‘पॉपी’ नावाची चाचणी झाली. प्रशिक्षित परिचारिकांनी तणावग्रस्त रुग्णांशी ठरावीक तीन बैठका घेतल्या. 2019 मध्ये निकाल आला: 6 महिन्यांनंतर आघातोत्तर तणावाच्या, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाच्या, लक्षणांत नेहमीच्या शुश्रूषेच्या तुलनेत लक्षणीय फरक नव्हता. यावरून बोलणेच व्यर्थ, असे ठरत नाही. तपासला गेला तो एक ठरावीक कार्यक्रम: विभागातले वातावरण सुधारणे आणि या जादा बैठका.

युरोपात परिचारिका व नातेवाईक रुग्णासाठी रोजनिशी लिहितात, म्हणजे हरवलेले दिवस त्याला नंतर जुळवता येतात. इकडे एकेका सिस्टरकडे अनेक खाटा. वही लिहायला सवड कुठली? पण व्हरांड्यात बसलेल्या बायकोचा निरोप आत पोचवता येतो: आज मंगळवार, पोरगा शाळेत गेला, ज्वारी खळ्यावर आली.