विद्युत्-मत्स्यांच्या चेतापेशींचा प्रतिसाद

शेपटीकडील विद्युत्-अवयवाने क्षीण वीजक्षेत्र निर्माण करून काही मासे अंधारात भोवतालचा वेध घेतात. त्यांचा मेंदू या क्षेत्रातील बदल कसे ओळखतो, याविषयीची ही नोंद. झटका देणारी विद्युत्-वाम प्रसिद्ध असली, तरी अभ्यासाला अधिक उपयोगी ठरले ते तिचे दुर्बळ भाऊबंद : दक्षिण अमेरिकेतील जिम्नोटीफॉर्म आणि आफ्रिकेतील मॉर्मिरिड हे माशांचे गट. आफ्रिकेतल्याच जिम्नार्कस माशाची सततची क्षीण वीज प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांनी १९५१ मध्ये नोंदवली.

जिम्नोटीफॉर्म गटातील ॲप्टेरोनोटस माशाचे क्षेत्र सेकंदाला सुमारे ६०० ते १,००० वेळा स्पंदते. त्वचेवरील ग्राहकांचे संदेश पश्चमेंदूतील विद्युत्-संवेदी पार्श्वरेषा खंडात जातात. तिथल्या पिरॅमिड पेशी दोन प्रकारच्या असतात. एखादा जलचर जवळ आला की त्या जागी त्वचेतून जाणारा प्रवाह वाढतो आणि ‘ई’ पेशी उद्दीपित होतात. दगडासारख्या दुर्वाहकामुळे तो घटला की ‘आय’ पेशी. प्रवाह कमी होणे हीसुद्धा मेंदूला बातमीच असते.

अडचण अशी की मासा शेपूट हलवतो तेव्हाही प्रवाह बदलतो. ही स्वतःचीच गडबड वगळण्यासाठी अनुमस्तिष्काकडून (हालचालींचा मेळ घालणाऱ्या मेंदूच्या भागाकडून) येणारे समांतर चेतातंतू पिरॅमिड पेशींवर अपेक्षित संदेशाची उलटी प्रतिमा पाठवतात. अपेक्षित ते पुसले जाते, अनपेक्षित उरते. नेहमीची हालचाल बदलली तर ही प्रतिमाही काही मिनिटांत नव्याने घडते. त्याच गटातील आयगेनमॅनिया माशात तर संदेशांमधील ०.५ मायक्रोसेकंदाहून लहान कालांतरही वर्तनात उमटते. जवळच्या माशाच्या विजेची कंप्रता (सेकंदातील स्पंदनांची संख्या) आपल्याशी जुळू लागली की तो आपली बदलतो. चेताशास्त्रज्ञ वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी या वर्तनामागची पेशीसाखळी उलगडली.

बेळगाव सीमाभागातील नद्यांत असा वीज सोडणारा मासा नाही. मात्र कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा आणि निपाणीकडच्या वेदगंगा-दूधगंगा यांच्या खोऱ्यांत मांगूर, शिंगाळा हे मिशाळ मासे आढळतात. मिशाळ माशांचा गण जिम्नोटीफॉर्मचा जवळचा नातलग. त्यांच्या त्वचेतील कुपीसारखे ग्राहक भक्ष्याच्या शरीराभोवतीची मंद वीज टिपतात आणि संदेश मेंदूतील तशाच खंडाकडे धाडतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात मांगूर शिकार गाठतो याचे सगळे श्रेय मिशांना आणि वासाला देणे म्हणूनच अपुरे आहे.