गेमची छापील किंमत आणि खरी किंमत

२०२५ मध्ये मारिओ कार्ट वर्ल्ड हा व्हिडिओ गेम अमेरिकेत ८० डॉलरला आला आणि तेच जुनं पालुपद सुरू झालं, "गेम इतके महाग कधीच नव्हते." हे वाचून वाचून मला वीट आलाय.

छापील किंमत सगळ्यांना पाठ असते. प्लेस्टेशन २ या गेमच्या यंत्राच्या काळात ५० डॉलर, २००५ला एक्सबॉक्स ३६० हे यंत्र आल्यावर ६०, २०२० पासून ७०, २०२५ला मारिओ कार्टचे ८०. यात घोळ नाही.

घोळ खऱ्या किमतीत होतो. खरी किंमत म्हणजे तेवढ्या डॉलरांत त्या साली बाकी बाजार किती येत होता, हे धरून काढलेली किंमत. लोकांना वाटतं, लेबल बदललं की किंमत बदलते. पण ६०चा आकडा जवळजवळ पंधरा वर्षं जागचा हलला नाही आणि त्याच वर्षांत घरभाडं, किराणा, दवाखाना सगळं वर सरकत होतं. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे महागाई मोजायचा आकडा, २००५ला सरासरी १९५.३ होता, २०२०ला २५८.८. म्हणजे २००५चे ६० डॉलर २०२०च्या सुमारे ७९.५ डॉलरांच्या तोडीचे. आकडा तोच राहिला, गेम मात्र जवळजवळ दरवर्षी थोडा थोडा स्वस्त होत गेला. त्या घसरणीची बातमी कुणी दिली नाही, कारण लेबलवर काही दिसतच नव्हतं. मग ७० झाले आणि ओरड झाली. ते ७० डॉलर २००५च्या पैशांत जेमतेम ५३ भरतात. २०२५चे ८० तर ५०च्याही आत. आदल्या वर्षाच्या मानाने वाढ झाली हे खरं, आणि २००५च्या मानाने गेम स्वस्त झाला हेही तितकंच खरं. म्हणून कोणत्या सालाशी तुलना करताय, ते आधी सांगा. साल न लिहिता टाकलेला आकडा मी वाचतच नाही.

१९९५चा क्रोनो ट्रिगर हा गेम ८० डॉलरचा होता, २०२४च्या पैशांत सुमारे १६५. पण यावरून "कंपन्या तोटा सोसताहेत" असं म्हणणंही चूक. तेव्हा कार्ट्रिजमधल्या, म्हणजे गेमच्या कॅसेटमधल्या, चिपवरच बराच खर्च व्हायचा. आज डाउनलोडला ना चिप लागते, ना खोका. खरी किंमत गिऱ्हाइकाच्या खिशाबद्दल सांगते, कंपनीच्या गल्ल्याबद्दल नाही.

आणि कृपा करून १९९५चे ८० डॉलर आजच्या विनिमय दराने गुणू नका. तेव्हा डॉलर ३२ रुपयांच्या आसपास होता. रुपयाची घसरण वेगळी, अमेरिकेतली महागाई वेगळी. आपल्याकडे सोनीचे स्वतःचे गेम प्लेस्टेशन ४वर ३,९९९ रुपयांना होते, प्लेस्टेशन ५वर ४,९९९ झाले, म्हणजे २५ टक्के वाढ. अमेरिकेत ६०चे ७० झाले, ती वाढ १७ टक्केही नाही. इथला हिशोब रुपयांत आणि भारताच्या निर्देशांकानेच मांडावा लागतो.